सोडला की सुटलाच: डॉग पार्कातून निघताना कुत्रा हाकेला येत नसेल तर

घरात "ये" म्हटलं की येतो. अंगणात येतो. लीश, म्हणजे हातात धरायचा पट्टा, लावून रस्त्यावर नेला तर शहाण्या मुलासारखा बाजूने चालतो. पण डॉग पार्कात, म्हणजे कुत्रे मोकळे सोडायच्या बंदिस्त मैदानात, सोडला, तासभर हुंदडला, आता निघायचं म्हणून हाक मारली की दहा फुटांवर येऊन उभा राहतो. आपल्याकडे बघतो, शेपूट हलवतो. आपण एक पाऊल पुढे टाकलं की हा दोन पावलं मागे. आपण धावलो की त्याची जत्राच. तुमच्याकडे हे एखाद्या वेळी नाही, दर खेपेला होत असेल तर पुढचं वाचा. आमच्याकडे सलग पाच महिने होत होतं.

आमच्या कुत्र्याचं नाव बारक्या. आणला तेव्हा ओंजळीत मावत होता म्हणून बारक्या. आता वजन ३२ किलो. लॅब्रॅडॉरचं रक्त आहे, बाकी काय काय आहे ते त्यालाच माहीत. आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला राहतो. इथे कुठेही कुत्रा मोकळा सोडता येत नाही, त्यामुळे आसपासची सगळी श्वानमंडळी मेरीमूर पार्कात जमते. तिथला कुत्रे मोकळे सोडायचा भागच ४० एकरांचा आहे. आमच्या सांगलीकडे एवढ्या जमिनीवर अख्खी भावकी तीन पिढ्या भांडेल. मोठा गवताळ माळ, झाडीतून जाणाऱ्या पायवाटा, आणि एका अंगाला समॅमिश नदी, जिच्यात कुत्र्यांना उतरायला ठिकठिकाणी उतार केलेले आहेत. कुत्रा सोडायला यापेक्षा चांगली जागा नाही आणि पकडायला यापेक्षा वाईट जागा नाही.

कळस झाला तो नोव्हेंबरात. त्या दिवसांत इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पाऊस भुरभुरत होता, माझ्या एका हातात लीश, दुसऱ्या हातात त्याच्या शीची पिशवी, आणि बारक्या नदीकडच्या झाडीत. पाऊण तास मी "बारक्या, ये! बारक्या, ये!" करत चिखल तुडवत होते. इथल्या लोकांना ते नाव "बार्की" ऐकू येतं. म्हणजे भुंक्या. दर दुसरा माणूस थांबून विचारायचा, फार भुंकतो का हो? शेवटी एका आजोबांच्या म्हाताऱ्या बीगलने त्याला थोपवून धरलं तेव्हा कॉलर हाताला लागली. गाडीत बसल्यावर मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. पण ते बोलणं हाच आजाराचा अर्धा भाग होता, हे नंतर कळलं.

आधी काय काय करून फसलो ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

आवाज चढवला. उपयोग शून्य. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं ऐकू येतं. त्याला ऐकू न येणं हा प्रश्नच नव्हता. उलट चढलेल्या आवाजात राग असतो आणि रागावलेल्या माणसाजवळ कोण येतं? मग पाठलाग केला. दोन पायांनी चार पायांचा पाठलाग करण्यात काही अर्थ नाही, आणि पकडापकडी हा कुत्र्यांचा आवडता खेळ आहे, तो आपण फुकट खेळायला दिला. मग खाऊची पिशवी लांबून दाखवायला लागलो. पहिले चार दिवस आला. पाचव्या दिवसापासून तो लांबून पिशवीचा अंदाज घ्यायचा, मागे खेळणाऱ्या कुत्र्यांकडे बघायचा आणि हिशेब करून ठरवायचा. म्हणजे आम्ही त्याला बक्षीस देत नव्हतो, लाच देऊ करत होतो, आणि तो घासाघीस करत होता. नवऱ्याने जीपीएसची कॉलर आणली. ती बारक्या कुठे आहे ते फोनवर अचूक दाखवते. तो कुठे आहे ते मला बिनफोनचंही दिसत होतं. तो येत नव्हता, हा प्रश्न होता. पार्कातल्या एकाने शॉक देणारी कॉलर सुचवली. ती आम्ही घेतली नाही. नेमका दुसऱ्या कुत्र्याजवळ असताना झटका बसला तर हा झटका त्या कुत्र्यानेच दिला असं त्याच्या डोक्यात बसू शकतं, आणि मग न येण्याच्या जोडीला चावणंही घरी येतं.

डिसेंबरात आई-बाबा आले, सहा महिन्यांसाठी. बाबांचं सगळं लहानपण गावात गेलेलं, त्यामुळे कुत्रा या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. पहिल्याच दिवशी मेरीमूरच्या माळावर उभं राहून त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि गावाकडे घालतात तशी साद घातली: "यू! यू! यू!" समोरून जाणारा एक उंच गृहस्थ गपकन थांबला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून "मी?" असं विचारायला लागला. बारक्या अर्थातच आला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांचा सल्ला होता, "एक रट्टा घाल, सरळ येईल." तोही निकामी. पण तिसऱ्या दिवशी ते बाकावर नुसते बसून राहिले, आणि परत येताना गाडीत म्हणाले, "तू त्याला तासाभरात एकदाच बोलावतेस. आणि बोलावलंस की पट्टा घालून घरी नेतेस. मी असतो तर मीही आलो नसतो."

निदान एवढंच आहे. बाकी सगळा लेख त्याचा तपशील.

कुत्र्याला शब्दाचा अर्थ कळत नाही, शब्दानंतर काय होतं ते कळतं. घरात "ये" नंतर कुरवाळणं किंवा बिस्किट. पार्कात "ये" नंतर खेळ बंद, गाडी, घर, आणि पाय चिखलाचे असतील तर आंघोळ. बारक्या हट्टी नव्हता, आज्ञा मोडत नव्हता. त्याने आमची भाषा आमच्यापेक्षा नीट शिकून घेतली होती. पार्कातल्या "ये" चा अर्थ "संपलं" असा होता आणि तो आम्हीच शिकवला होता. वर कधी पंधरा मिनिटांनी आलाच तर मी त्याला रागवायचे. त्याच्या लेखी रागावणं हे उशिरा येण्याबद्दल नव्हतं, येण्याबद्दल होतं.

आमच्या बाबतीत आणखी एक गंमत निघाली. पार्कात कुणी चेंडू फेकला आणि कुत्र्याने तो झेलला की मालक ओरडतात, "ये!" इंग्रजीतला आनंदाचा चीत्कार, पण उच्चार अगदी आपल्या "ये" चा. म्हणजे तासभरात तीसेक वेळा, दहा वेगवेगळ्या आवाजांत बारक्याला "ये" ऐकू येत होतं आणि त्याचा काहीही अर्थ होत नव्हता. मंदिरातल्या घंटेसारखं. सतत वाजणाऱ्या घंटेकडे कोण वळून बघतं? परदेशात मराठीतून कुत्रा शिकवणाऱ्यांनी आपले शब्द एकदा इथल्या कानांनी ऐकून बघावेत. आपलं "बस" हे इथे गाडीचं नाव आहे आणि "हाड" म्हणजे "कठीण". त्याने फारसं बिघडत नाही, पण "ये" ने बिघडतं.

तुमच्याकडेही हेच कारण आहे का, हे तपासायला सोपी चाचणी आहे. पुढच्या खेपेला पार्कात गेल्यावर पाचच मिनिटांत, तो अजून ताजा असताना आणि तुमच्या हातात लीश नसताना (खिशात ठेवा) हाक मारा. आला तर दोष येण्यात नाही, निघण्यात आहे. अजिबात आला नाही, वळूनही बघितलं नाही, तर हाक मुळातच कच्ची आहे. पहिल्या प्रकारात खालचं निघण्याचं प्रकरण पुरेल. दुसऱ्या प्रकारात सगळंच पहिल्यापासून करावं लागेल. आमचा दुसऱ्यातला होता.

नवा शब्द

जुना शब्द नासला की तो सुधारत बसू नका. दूध नासल्यावर त्याचं परत दूध होत नाही. नवं दूध आणा. नवा शब्द असा हवा की जो पार्कात दुसरं कुणी उच्चारणार नाही, दोन-तीन अक्षरांचा, लांबवर ओरडता येईल असा, आणि रागाने म्हणता न येणारा. शेवटची अट महत्त्वाची. शब्द बाबांनी दिला. त्यांच्या गावच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता, दिवसभर शिवारभर भटकायचा, आणि संध्याकाळी आजी उंबऱ्यात उभी राहून चतकोर हातात धरून "भाकरीऽऽ" म्हणायची तेव्हा कुठूनही उड्या मारत यायचा. मेरीमूर पार्कात "भाकरी" म्हणणारं दुसरं कुणी नाही. आणि चिडून भाकरी म्हणून बघा, जमत नाही.

पहिले दोन आठवडे हा शब्द फक्त घरात. बारक्या दोन-तीन पावलांवर उभा असताना, त्याचं लक्ष आपल्याकडे असतानाच "भाकरी" म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. दिवसाला दहा-बारा वेळा, पण एका बैठकीत नाही; दिवसभरात विखुरलेलं. शब्द आधी, हात खिशाकडे नंतर. हा क्रम चुकला तर कुत्रा शब्द ऐकत नाही, हात बघतो, आणि पार्कात शंभर फुटांवरून त्याला हात दिसणार नसतो.

खाऊ काय, यावर आमच्या घरात बरंच रण माजलं. कोरडी बिस्किटं घरात चालतात, पार्कात त्यांना भाव नाही. उकडलेलं बिनमिठाचं चिकन, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, हे आमचं चलन. पनीरही चालतं, पण बेतानं. आपल्या ताटातलं मात्र देऊ नका, कारण कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक, आणि आपल्या ताटात त्यांच्याशिवाय असतं काय? बेदाणे आणि द्राक्षं अजिबात नाहीत, त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चिंचही त्याच यादीत. पीनट बटर देत असाल तर डबा वाचा. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

एक तुकडा देऊन थांबू नका. आला की एकापाठोपाठ एक पाच-सहा तुकडे, मधे कौतुक, असं वीस-पंचवीस सेकंद चालू द्या. माणसालाही एकदम पगार मिळण्यापेक्षा कुणी नोटा मोजून हातात ठेवत राहिलं की जास्त मजा येते. आणि हे देताना दुसऱ्या हाताने कॉलर धरा, सोडा, धरा, सोडा. बरेच कुत्रे माणसाला भीत नाहीत, कॉलरकडे येणाऱ्या हाताला भितात. आमचा दहा फुटांवर थांबायचा तो याच्यासाठीच. हाताच्या टप्प्याचा त्याला नेमका अंदाज होता.

लांब दोरी

घरात पक्कं झालं की थेट डॉग पार्क नाही. मधली पायरी सगळे गाळतात आणि मग "आमच्या कुत्र्याला नाही जमत" म्हणतात. मधली पायरी म्हणजे दहा मीटरची दोरी आणि साधं मैदान, जिथे कुत्री नाहीत किंवा लांब आहेत. दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधायची, कॉलरला नाही, कारण धावत सुटलेल्या कुत्र्याच्या मानेला दोरी संपताना हिसका बसतो. सुती दोरी चिखलात भिजून जड होते. प्लास्टिकचं आवरण असलेला पट्टा मिळतो, तो पुसला की कोरडा. हातमोजे घाला. मी एकदा घातले नव्हते, तळहाताची साल गेली.

दोरी ओढून आणण्यासाठी नाही. ती फक्त एवढ्यासाठी की "भाकरी" म्हटल्यावर न येण्याचं बक्षीस त्याला मिळू नये. हाक एकदाच मारायची. तीनदा मारली की कुत्रा तिसऱ्या हाकेची वाट बघायला शिकतो. आला नाही तर खाली बसा, किंवा त्याच्याकडे पाठ करून विरुद्ध दिशेला पळत सुटा. हे फार काम करतं, आणि करताना आपण वेडे दिसतो, त्याला इलाज नाही. पाठलाग करायची हौस त्यालाही आहे, तर त्यानेच आपला पाठलाग करावा.

आला, खाऊ संपला, की "जा" म्हणून परत सोडायचं. हा "जा" चिकनपेक्षा मोठा आहे. डेव्हिड प्रेमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्याला हे तत्त्व मांडलं की आवडीची गोष्ट नावडीच्या गोष्टीचं बक्षीस म्हणून वापरता येते. आपल्या आयांना ते आधीपासून ठाऊक होतं: आधी भाजी संपव, मग श्रीखंड. बारक्याचं श्रीखंड म्हणजे खेळ. आलास की खेळ परत मिळतो, हे त्याला कळलं आणि चक्रं फिरली.

दोरीवर आम्ही सहा आठवडे काढले. तुमचा कुत्रा सहा महिने ते दीड वर्षाच्या मधला असेल तर जास्त लागतील, धीर सोडू नका. २०२० साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की आठ महिन्यांची पिल्लं पाच महिन्यांच्या वयाच्या मानाने मालकाचं "बस" कमी ऐकतात, आणि अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात. पोरं वयात येताना करतात तेच. ते वाचून मला फार बरं वाटलं.

डॉग पार्काच्या आत मात्र लांब दोरी लावू नका. धावणाऱ्या दोन-चार कुत्र्यांच्या पायांत ती गुंतली की कुणाचं तरी हाड मोडतं, माणसाचंही. दोरीवरचा शेवटचा टप्पा कुंपणाबाहेर करा: आतले कुत्रे दिसताहेत, ऐकू येताहेत, आणि आपण बाहेर पन्नास पावलांवर "भाकरी" चा सराव करतोय. तिथे दहापैकी आठ वेळा आला की मग आत.

फाटक

आत जाताना एक सूचना, कारण बरीच भांडणं फाटकात होतात आणि भांडण झालेला कुत्रा पुढे तासभर कुणाचं ऐकत नाही. बहुतेक पार्कांना दुहेरी फाटक असतं. लीश मधल्या चौकात काढा, आत गेल्यावर नाही. नवा कुत्रा आला की आतले दहा जण स्वागताला धावतात; सगळे मोकळे आणि आपलाच बांधलेला असेल तर त्याला ना पळता येत, ना नीट हुंगता येत, मग तो गुरगुरतो. घोळका फाटकाला चिकटलेला असेल तर दोन मिनिटं बाहेर थांबा, पांगतो. काटेरी किंवा गळा आवळणारी कॉलर आत नको. खेळताना दुसऱ्याचा जबडा तिच्यात अडकतो. तो प्रकार मी एकदा पाहिला आहे, पुन्हा बघायची इच्छा नाही.

आत गेल्यावर एका जागी गप्पा मारत उभे राहू नका, चालत राहा. उभ्या माणसावर कुत्र्याला लक्ष ठेवावं लागत नाही. तो असतोच तिथे. चालणारा माणूस हरवू शकतो, म्हणून तो अधूनमधून वळून बघतो. न बोलावता जवळ आला की दर वेळी एक तुकडा द्या. बारक्याचं हे "हजेरी लावणं" सुरू झालं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आता सुटलो.

पहिल्या काही खेपा वर्दळ नसताना करा. इथे आठवड्याच्या मधल्या दिवशी पावसाळी सकाळी चाळीस एकरांत सात-आठ कुत्री असतात. शनिवारी उन्हं पडली की तुळशीबाग.

निघायचं कसं

मूळ दुखणं हे. त्यामुळे इथे जरा पसरते.

तासाभरात त्याला कमीत कमी दहा वेळा बोलवा आणि त्यातल्या नऊ वेळा परत सोडा. त्या नवातल्या पाच-सहा वेळा लीशही लावा, दहा पावलं चाला, काढा, "जा". लीश म्हणजे घर, हे समीकरण मोडलंच पाहिजे. दहाव्या वेळी लीश लागते ती आधीच्या नऊ वेळांसारखीच वाटली पाहिजे. शेवटची लीश फाटकापाशी कधीच लावायची नाही. रोज वेगळ्या ठिकाणी, मैदानाच्या मध्यावर, कधी नदीकाठी, कधी फाटकाच्या अगदी विरुद्ध टोकाला लावायची, आणि तिथून चालत यायचं.

तो खेळात पूर्ण रंगलेला असताना हाक मारू नका. दोन कुत्री एकमेकांच्या अंगावर असताना माझ्या भाकरीला काय किंमत? खेळात आपोआप खंड पडतो. दोघं दमून जीभ काढून उभी राहतात, इकडेतिकडे बघतात. त्या क्षणी बोलवा. आला नसता अशा वेळी मारलेली प्रत्येक हाक म्हणजे शब्दाच्या खात्यातून काढलेले पैसे.

फाटकाबाहेर पडल्यावर लगेच गाडीत कोंबू नका. आम्ही पाच-सात मिनिटं पार्किंगच्या कडेने गवत हुंगत हिंडतो, तिथे चिकनचे उरलेले तुकडे गवतात टाकून त्याला शोधायला लावते. मग पाणी, मग गाडी. म्हणजे बाहेर पडणं हा कार्यक्रमाचा शेवट नाही, पुढचा अंक आहे. आंघोळ, नखं, औषध यांतलं काहीही "भाकरी" म्हणून करायचं नाही. त्यासाठी उठून त्याच्यापाशी जायचं आणि गुपचूप न्यायचं.

घरातल्या सगळ्यांनी नियम पाळले पाहिजेत. आमच्याकडे मी हे सगळं करत असताना नवरा मीटिंगच्या घाईत एका सकाळी "भाकरी" म्हणून त्याला थेट गाडीत घालून घेऊन आला. दोनदा. पुढचा आठवडा बारक्या परत दहा फुटांवर. मी बारक्याला काही बोलले नाही.

तरी येत नसेल तर

एवढं करून फरक पडला नाही तर कारण वेगळं असू शकतं. लॅब्रॅडॉरसारखे लोंबत्या कानांचे कुत्रे सारखे पाण्यात असले की त्यांचे कान बिघडू शकतात. डोकं झटकत असेल, कानाला वास येत असेल तर आधी डॉक्टर. चेंडूची मालकी गाजवणारे कुत्रे चेंडू तोंडात असेपर्यंत येत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरा चेंडू खिशात ठेवा आणि अदलाबदल करा. काही कुत्रे येत नाहीत कारण घाबरलेले असतात: शेपूट पोटाखाली, कान मागे, बाकाखाली जाऊन बसलेले. त्यांना डॉग पार्क आवडत नाही, आणि न आवडणं गुन्हा नाही. त्यांना कडेकडेच्या वाटेने लीशवर फिरवा, सुखी राहतील. उलट एखादा सगळ्यांचा पाठलाग करून जेरीस आणत असेल तर त्याला क्षणभर धरा आणि समोरचा कुत्रा काय करतो ते बघा. तो परत खेळायला आला तर ठीक, त्याने संधी साधून पळ काढला तर तो खेळ नव्हता. आपला कुत्रा दांडगाई करतोय हे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. मलाही कुणीतरी सांगितलं तेव्हा राग आला होता.

आणि एक इथलंच, पण जीवावरचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बारक्या नदीकडच्या झाडीतून का येत नव्हता, त्याचं अर्धं उत्तर हाकेत नव्हतं, नदीत होतं. शरदात सॅमन मासे समुद्रातून वर चढतात. सिएटलच्या बॅलर्डच्या जलद्वारांतून वॉशिंग्टन सरोवरात, तिथून समॅमिश नदीने इसाक्वाच्या ओढ्याकडे. अंडी घालून मरतात, काही वाटेतच, आणि काठाला कुजत पडतात. कुत्र्याला तो वास म्हणजे मेजवानी. पण या भागातल्या कच्च्या सॅमनमध्ये एक चपटा कृमी असतो आणि त्या कृमीच्या पोटात एक जिवाणू. मासा खाल्ल्यावर साधारण आठवड्याभराने ताप, उलट्या, जुलाब, सुजलेल्या गाठी. वेळेत प्रतिजैविकं दिली तर कुत्रा बरा होतो, नाही दिली तर बहुतेक दगावतो. तुमच्या कुत्र्याने मासा खाल्ल्याची नुसती शंका असली तरी डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण लक्षणं साध्या पोट बिघडण्यासारखीच दिसतात. आम्ही त्या दोन महिन्यांत नदीच्या बाजूला लीश काढत नाही. तिथे "भाकरी" हरते, हे मान्य करून टाकलंय.

पुण्या-मुंबईतून वाचत असाल तर चाळीस एकर सोडा, चाळीस फूट बंदिस्त जागा मिळणं मुश्कील. सोसायटीचं जाळी लावलेलं कोर्ट सकाळी लवकर मागून बघा. रस्त्यावर किंवा टेकडीवर सोडू नका; तिथल्या कुत्र्यांचा तो इलाखा असतो आणि तुमचा पाळीव त्यांच्या लेखी घुसखोर. दहा मीटरच्या दोरीवरचा सराव मात्र कुठेही होतो, आणि पावसाळ्यात साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लस दिली आहे का ते कार्डावर बघा.

सध्या बारक्या दहापैकी नऊ वेळा येतो. दहावी वेळ बदकांची असते.

एक घोळ मात्र राहिला, तो तुम्ही करू नका. शब्द निवडताना आम्ही आई इथे आहे हे विसरलो. आई रोज रात्री ज्वारीची भाकरी थापते आणि स्वयंपाकघरातून विचारते, "भाकरी कुणाला वाढू?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ३२ किलोंचा बारक्या वरच्या मजल्यावरून जिन्यावरून थेट ओट्यापाशी आला, बाबांच्या पायांतून. आता आमच्याकडे जेवताना तिला "ती" म्हणतात. "ती अर्धी दे", "ती करपली". बाबांना अजून सवय झालेली नाही. ते ताटावर बसून मोठ्याने भाकरी मागतात, आणि बारक्या नियमाप्रमाणे हजर होतो, आणि नियमाप्रमाणे त्याला काहीतरी द्यावं लागतं.